उशाखालची मिठाची पुडी

९ नोव्हेंबर, धुळे

मी, पितांबर नारखेडे, राहणार बोदवड, यानं कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू:

केळीचे वेफर पाडायचं यंत्र, चार पात्यांचं. पहिल्यांदा केलेल्यानं केळीचा लगदा केला. तिसऱ्यांदा केलेलं अजून चालतं.

घडाला डाग न पडता केळी शेताबाहेर आणायची झोळीची गाडी. नंतर दोघांनी नक्कल केली. दोन्ही नकला एका बाजूला कलतात.

चुडामणच्या पीठगिरणीवरचा पत्र्याचा कोन, ज्यातून धान्य ओततात. हा दर दोन वर्षांनी आतून गंजतो. पत्रा चांगला आहे, पाण्याचा थेंब लागत नाही, तरी गंजतो. कारण सापडलेलं नाही.

भाविकाचा पाळणा. करकरत नसे.

भाविकाची सायकल, तिच्या उंचीबरोबर वाढणारी.

खाटेवर बसल्या बसल्या चित्रं काढायला लोखंडी टेबल, घडीचं. सायकलच्या सीटचा नट वापरल्यामुळे उंची कमीजास्त होते.

ही यादी इथे लिहायचं कारण असं. सकाळी भाविकाला भरती करताना सिस्टरनं विचारलं, "वडिलांचा कामधंदा?" मी म्हटलं, यंत्रं बनवतो. "कारखाना आहे का?" नाही. "कुठे नोकरीला?" नाही. तिनं 'मजूर' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेली. निदान एका वहीत तरी खरं असावं.

भाविकाच्या किडनीतून प्रथिन गळतं. पाचव्या वर्षापासून. औषधानं थांबतं, काही महिन्यांनी परत उलटतं, आणि मग तोंड, पाय, पोट सुजतं. आता ती दहाची आहे. डॉक्टर मॅडम आधी जळगावात होत्या, त्या धुळ्याला आल्या म्हणून आम्हीही धुळ्याला. लता घरी धाकट्यापाशी आहे. "मी राहते तिच्याजवळ," ती म्हणत होती. मी नको म्हटलं. गोळीची वेळ, लघवीचं माप, वजन, हे तिच्या ध्यानात राहत नाही. तपशील हा माझा प्रांत.

१० नोव्हेंबर

मॅडमनी सांगितलं: औषध लागू होईलच, पण सूज उतरेपर्यंत मीठ बंद. पूर्ण बंद. रुग्णालयातून अळणी वरणभात येतो. भाविकानं एक घास घेतला आणि ताट टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. मी पाठीमागच्या शेडमध्ये (तिथे नातेवाइकांना स्वयंपाक करता येतो) माझ्या घडीच्या शेगडीवर मुगाची खिचडी केली. जिरं फोडणीत अगदी वेळेवर टाकलं. "पप्पा, यात काहीच नाहीये," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर ममता नावाची मुलगी आहे, नऊ-दहा वर्षांची. सिकलसेल. हातपाय दुखतात तेव्हा आवाज न करता रडते. बरोबर तिचा बाप, दिलवरसिंग. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. पावसावरची थोडी शेती, बाकी मजुरी. त्याच्या कागदावरही 'मजूर'च असणार. त्याच्या बाबतीत ते बरोबर आहे.

११ नोव्हेंबर

भाविकाच्या वेण्या. लता असती तर प्रश्न नव्हता. मी दोन्ही बाजू मोजून भांग पाडला, तीन पेड सारखे केले, वेणी घातली. संध्याकाळी नाही, दुपारच्या आधीच सुटली. परत घातली, परत सुटली. केस मऊ असतात आणि त्यांना पकड नसते, हे मी गृहीत धरलं नव्हतं.

दुपारी गोळ्या आणायला खाली गेलो. वर आलो तर भाविका ममताच्या खाटेवर, पाठ दिलवरसिंगकडे करून. तो वेणी घालत होता. कसलंही माप न घेता, तोंडानं काहीतरी गोष्ट सांगत. अस्वल मोहाची फुलं खाऊन झिंगतं आणि स्वतःच्याच सावलीला शिव्या देतं, अशी काहीतरी. दोघी पोरी खिदळत होत्या. भाविका दहा दिवसांत हसली नव्हती.

"पप्पा, बघा, मामांनी कशी घट्ट घातली!"

मामा. दोन दिवसांत मामा.

मी म्हटलं, घट्ट घातली की डोकं दुखतं.

१३ नोव्हेंबर

आज ती जेवली. माझ्या हातचं नाही.

दिलवरसिंग शेडमध्ये तीन विटांवर अंबाडीची भाजी आणि भाकर करतो. दुसरं काही मी त्याला करताना पाहिलेलं नाही. पानं गावाकडून येणाऱ्या गाडीनं त्याची बायको धनीबाई पाठवते. मी भाविकासाठी दुधी शिजवून वर आलो तेव्हा ती ममताच्या ताटात जेवत होती. अर्धी भाकर संपवलेली. ओठांना अंबाडी लागलेली.

मी म्हटलं, हिला मीठ चालत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?

तो म्हणाला, "मीठ नही शे भाऊ. आंबट शे म्हणीसन गोड लागस तिले. चाखी पहा." आणि पातेलं माझ्यापुढे धरलं.

मी चाखलं नाही. कुणाच्याही भांड्यातलं चाखत सुटणं मला जमत नाही. पण आंबट असलं म्हणून अळणी भाजी कुणी अर्धी भाकर खातं का? माझ्या दुधीत मी लिंबू पिळलं होतं. लिंबूही आंबटच.

रात्री वजन केलं. कालच्याइतकंच. तेव्हा सध्या मी काही म्हणत नाही. पण लक्ष ठेवणार.

१४ नोव्हेंबर

वेणीसाठी एक साधन केलं. तारेचे तीन आकडे, खाली एक फिरकी. प्रत्येक पेड एका आकड्यात धरायचा, फिरकी फिरवली की वेणी आपोआप पडेल. कागदावर बरोबर होतं. भाविकाचे चार केस तुटले. "आई गं!" म्हणून ती ओरडली, आणि ममता म्हणाली, "हाई ते विहिरना रहाट शे!" दिलवरसिंग खाली बघून हसला. मला दिसू नये म्हणून खाली बघून. ते जास्त लागलं.

लताला फोन केला. म्हटलं, कळण्याचं पीठ पाठव. ज्वारी-उडदाची ती भाकरी भाविकाला जीव की प्राण. घरी हिवाळ्यात दुसरं काही मागत नाही ती. कुणासाठी हवं ते लतानं विचारलं नाही, मीही बोललो नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस माझ्या पोरीला जेवायला लावतो आणि मला ते जमत नाही, हे बायकोला फोनवर सांगायची गोष्ट नव्हे.

१६ नोव्हेंबर

पीठ आलं. बोदवडहून जळगावपर्यंत लताच्या भावानं आणलं, पुढे एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. थोडंच आहे, भाविकालाच पुरवायचं. मी माझा खानावळीत जेवतो.

भाकरी थापायला मला येत नाही, हे लपवत नाही. रुग्णालयासमोर वेल्डिंगचं दुकान आहे. त्याच्याकडून दोन जाड पत्रे घेतले, त्याच्याच मशीनवर बिजागरी जोडली आणि दाब तयार केला. वर-खाली प्लास्टिकचा कागद, मध्ये गोळा, दाबला की भाकरी. कडा फाटतात, पण जाडी सगळीकडे सारखी. शेडमधल्या बायका बघायला जमल्या. एक म्हणाली, "बाप्पा, भाकरबी मशीननं!"

मीठ कणभर नाही. सोबत भाजलेलं वांगं, त्यातही नाही.

भाविकानं पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं. परत घास घेतला. मी विचारलं, कशी आहे?

"छान आहे," ती म्हणाली. थांबली. "पप्पा, ही तुम्ही केली?"

मी म्हटलं, पीठ मळण्यापासून.

सगळी भाकरी खाल्ली. दिलवरसिंगनं अंबाडी पुढे केली तर "आज नको मामा," म्हणाली. मला हे लिहायची लाज वाटायला पाहिजे, पण वाटत नाही: मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मला ते बघायचं होतं.

१७ नोव्हेंबर

दोन भाकरी. एक सकाळी, एक संध्याकाळी. मी तव्यापाशी बसून शीळ घालत होतो, असं भाविका म्हणते.

१९ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय. लघवीतलं प्रथिन उतरतंय. लघवीत बुडवायची पट्टी दाट हिरवी होत होती, ती आता फिकी होते. म्हणजे औषध लागू आहे. पण वजन वाढतंय. सकाळी डोळे उघडत नव्हते इतक्या पापण्या सुजलेल्या. मॅडमनी पायावर बोट दाबून बघितलं, खळगा तसाच राहिला.

"मीठ जातंय का कुठून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मॅडम, माझ्याकडून शक्य नाही. मी स्वतः रांधतो.

"बिस्किटं, फरसाण, पापड?"

काही नाही. मग मी थांबलो आणि म्हटलं, एक शेजारचं जेवण आहे.

अंबाडी ती आता कमी खाते, पण खाते. दुपारी, मी औषधं आणायला जातो तेव्हा. ममतानं सांगितलं मला, भाबडेपणानं.

२० नोव्हेंबर

सापडलं.

ममताला तपासायला खाली नेलं होतं, बाप बरोबर गेला होता. वॉर्डातल्या मावशी चादर बदलत होत्या. त्यांनी ममताची उशी उचलली आणि खाली वर्तमानपत्राची पुडी. उघडली. जाडं मीठ.

मावशी म्हणाल्या, "असेल त्यांचं, ठेवा तिथंच." मी ठेवलं नाही. सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सगळं सांगितलं: अंबाडीची भाजी, दुपारची वेळ, वाढणारं वजन. क्रमानं सांगितलं, त्यामुळे त्यांना पटलं.

दिलवरसिंग वर आला तेव्हा सिस्टर दारातच उभ्या होत्या. "काय हो, दुसऱ्याच्या पोरीच्या जिवाशी खेळता? सांगितलं होतं ना तिला मीठ नाही म्हणून?"

तो पुडीकडे बघत राहिला. "पुडी ममतानी शे," इतकंच म्हणाला.

"ममतानी आणि तुमनी, एकच!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून काही येईल असं त्याला वाटलं असावं. मी ताप लिहायच्या कागदाकडे बघत होतो.

ममताची खाट वॉर्डाच्या पार त्या टोकाला, खिडकीपाशी नेली. पोरींनी एकमेकींचं खायचं नाही, असं बजावलं. खाट सरकवताना दिलवरसिंगनं माझ्या टेबलाला धक्का लागू दिला नाही. उचलून बाजूला ठेवलं, मग खाट काढली. हेही खरं आहे म्हणून लिहितो.

भाविका भिंतीकडे तोंड करून रडली. मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं. ती म्हणाली, "त्यांनी नाही दिलं मीठ."

तुला काय माहीत?

ती काहीतरी बोलणार होती. बोलली नाही.

२१ नोव्हेंबर

आता ती फक्त माझ्या हातचं खाते. वेणी घातलेली नाही. केस मोकळे, गुंतलेले. माझ्याकडून घालून घेत नाही.

हे मला हवं होतं का? होतं. तसं नव्हे.

२२ नोव्हेंबर

पहाटे डोकं दुखतं म्हणून उठली. उलटी झाली. सिस्टरनं बीपी बघितलं, परत बघितलं, आणि फोनकडे गेल्या. मॅडम साडी नीट न सावरता धावत आल्या. इंजेक्शन दिलं. बीपी उतरलं, पण मॅडमच्या चेहऱ्यावरची काळजी नाही.

मला बाहेर बोलावलं. "पितांबरभाऊ, औषध लागू आहे असं पट्टी सांगते, आणि शरीर उलटं सांगतंय. मला कोडं पडलंय. दोन दिवस बघते. नाही उतरलं तर नाशिकला न्या. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतील. मग कदाचित जास्त जोराची औषधं. त्यांचे त्रास वेगळे."

सुई किती लांब, विचारलं. त्यांनी बोटांनी दाखवलं.

मी आयुष्यभर लोखंडाला भोकं पाडली. वॉर्डात परत गेलो आणि तिची पाठ पांघरुणानं झाकली.

भाविकानं विचारलं, "पप्पा, नाशिकला ममता येईल?"

नाही.

"मामा?"

मी म्हटलं, मी आहे ना. तिनं हो म्हटलं, पण सासरी जाणारी पोर म्हणते तसं.

२३ नोव्हेंबर

पीठ संपत आलं. नाशिकला न्यावं लागलं तर तिथेही हवं, म्हणून लताला फोन केला. हा फोन मी शब्दशः लिहितो.

मी: कळण्याचं पीठ अजून पाठव. जरा जास्त.

लता: "इतकं लवकर सरलं? एकटे खाऊ रायले का वाटू रायले?"

मी: भाविकाला लागतं.

लता: "भाविकाले? तुमी तिले कयनं देऊ रायले?"

मी: रोज. मीठ न घालता.

लता: "अहो, मीठ तं दयतानाच टाकतेत त्याच्यात!"

मी: कशात?

लता: "कयन्यात! ज्वारी, उडीद, खडं मीठ, बठ्ठं एकत्रच गिरणीत टाकतेत. तुमच्या मायनं मले असंच शिकोलं. इतकी वर्सं खाऊ रायले आन् ठावं नाही? मले वाटलं तुमच्याकर्ता मांगू रायले. पोरीकर्ता व्हतं तं साधी ज्वारी दयली असती, नेहमी तेच तं करते मी!"

मग ती रडायला लागली आणि मी फोन ठेवला.

डबा उघडला. चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवलं. खारट. लपलेलं नाही, बारीक नाही, चांगलं खारट. जन्मभर ही भाकरी मी ठेच्याबरोबर खाल्ली. ती मला कळतं तेव्हापासून तशीच लागते, म्हणून तिच्यात काय आहे ते कधी विचारलं नाही. आणि इथे आल्यावर, पोरीला पुरावी म्हणून, एक तुकडाही खाल्ला नाही.

चुडामणच्या गिरणीवरचा कोन का गंजतो, तेही कळलं.

भाविका जागी होती. डब्याचं झाकण बघत होती.

मी विचारलं, तुला कळलं होतं?

तिनं मान हलवली. हो.

कधी?

"पहिल्या घासाला."

मग सांगितलं का नाही गं?

ती टेबलाचा नट फिरवत बसली. टेबल खाली गेलं, वर आलं. "मला आवडली म्हणून," ती म्हणाली. मग, "आणि तुम्ही खूश होते. तुम्ही शीळ घालत होते."

मामांना ओरडले तेव्हा तरी?

"सांगणार होते. मग तुम्हाला ओरडले असते."

२४ नोव्हेंबर

आधी मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "देव पावला. नाशिक सध्या थांबवू." मग रागावल्या. त्या नीट रागावल्या.

सिस्टरला सांगितलं. त्यांनी पुडी ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिली. "तुम्हीच जा घेऊन," म्हणाल्या. "मी नाही जाणार."

वॉर्डाचं ते टोक इथून लांब नाही. मला लांब लागलं.

दिलवरसिंग ममताच्या गुडघ्याला गरम फडकं लावत होता. मी उभा राहिलो. वाक्य तयार करून गेलो होतो, ते आलं नाही. मी म्हटलं, मीठ माझ्या भाकरीत होतं.

तो फडकं लावत राहिला.

पिठातच होतं, मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

"हं."

मग ममताच बोलली. "आमनी भाजी बठ्ठी अळणीच करेत बाबा. भाविका खाई म्हणीसन. मी वरतून लाई लेऊ." आणि तिनं पुडीकडे बोट दाखवलं. म्हणून ती उशाखाली होती. एक भांडं, दोन पोरी. त्यानं भाजी एकीसाठी अळणी केली आणि स्वतःच्या पोरीला वरून मीठ दिलं. तो स्वतः काय खात होता, मी विचारलं नाही. त्याला पुडीतलं घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पुडी पुढे केली. दिलवरसिंगनं हात पुसले, पण घेतली नाही.

"आते तुम्हीच ठेवा भाऊ," तो म्हणाला. "तुमना हातमा मीठ शे, हाई बठ्ठास्ले माहीत शे आते." आणि हसला. या वेळी खाली न बघता, माझ्या तोंडावर.

मी ते सहन केलं. त्याला तो हक्क होता. पण मनात आलं ते सगळं पश्चात्तापच होतं असं नाही. तो चांगला वागला, याचाही राग आला मला.

मग त्यानं पातेल्याचं झाकण काढलं. "चाखी पहा," म्हणाला.

चाखलं. आंबट. मीठ नाही. आणि खरोखर, मिठाची आठवण होत नाही.

२५ नोव्हेंबर

खाट परत आणली. मी एका बाजूनं धरली, तो दुसऱ्या. त्याची बाजू जास्त हलकी होती, कारण चाकं त्याच्या बाजूला होती.

जेवणाच्या वेळी ममता माझ्याकडे हात पसरते आणि मी पुडीतून चिमूट देतो. "जास्त!" म्हणते. बाप म्हणतो, "मांग, मांग, मिठना कारखाना शे त्यास्ना."

लतानं साध्या ज्वारीचं पीठ पाठवलं. डब्यावर मोठ्या अक्षरात तिनं काय लिहिलंय ते इथे लिहीत नाही.

२८ नोव्हेंबर

वजन उतरलं. काल उतरलं, आज परत उतरलं. पापण्यांची सूज गेली. आज भाविकाच्या घोट्याचं हाड दिसलं, आणि मी त्या हाडाकडे नवीन यंत्राकडे बघावं तसं बघत बसलो. पट्टी पिवळी. बीपी ठीक. मॅडम म्हणाल्या, नाशिक रद्द.

दिलवरसिंगनं मला वेणी शिकवली. मी विचारलं नव्हतं. भाविका त्याच्यापुढे बसली, आणि तो उठून म्हणाला, "माले बिडी पेवाले जानं शे. तुम्ही करा." तो बिडी ओढत नाही. दारातून बघत होता. "वढा! नही तुटाव! पोर शे, काच नही शे."

प्रत्येक वळणाला पेड ओढून धरायचा असतो, सुरुवातीला नव्हे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर तारेचे तीन आकडे वाचले असते.

संध्याकाळपर्यंत टिकली. भाविका म्हणाली, मामांसारखी नाही, पण चालेल.

मामांसारखी नाही.

३० नोव्हेंबर

उद्या सुट्टी. ममता अजून आठवडाभर राहील. मी बोलता बोलता दिलवरसिंगला विचारलं, घरी ममता कशावर झोपते? बाजेवर, म्हणाला. जमीन कशी? चढाची. बाजेचा दोर किती उंचावर? त्यानं मांडीवर हात ठेवून दाखवलं. कशाले, म्हणाला. मी म्हटलं, असंच.

जेवण झाल्यावर पुडी ममताच्या हातात ठेवली. अर्धी उरली होती.

३ डिसेंबर, बोदवड

चढाच्या जमिनीवर चार पायांचं टेबल डुगडुगणार. तीन पायांचं कधीच डुगडुगत नाही. दोन पाय पुढे, एक मागे, मागच्याला सायकलच्या सीटचा नट. वरचा पत्रा जरा मोठा घेतला, कारण ममता पाय पसरून चित्रं काढते.

भाविका दुपारी माझ्या कामाच्या शेडमध्ये आली. हातात प्लास्टिकची पिशवी. आजारी पोरीला भेटायला येणारे नातेवाईक हातात दहा-वीस-पन्नास ठेवून जातात, ते तिनं साठवलेले. वेण्या मीच घातलेल्या, डावी जरा सैल.

"पप्पा, हे टेबल कुणाचं?"

मी म्हटलं, बघू.

"ममताचं आहे. मला माहितीये. मी पैसे देते. पण सांगायचं, भाविकानं पाठवलं. मामांना सांगायचं नाही तुम्ही केलं म्हणून."

मी विचारलं, का?

"ते मला मामा आहेत. तुम्हाला कुठे आहेत?"

मी वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला आणि ठिणग्या उडवल्या. ती थांबली. मुखवटा वर केला तर तिथेच उभी.

"तुम्ही अजून जळता मामांवर," ती म्हणाली.

मी म्हटलं, वेल्डिंगच्या वेळी बोलू नये, डोळे जातात.

टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे हात लावल्याशिवाय दिसणार नाही, मी सकाळीच अक्षरं ठोकली होती: पितांबर नारखेडे, बोदवड. ती तशीच राहतील. दिलवरसिंगला वाचता येत नसेल तर ममताला येतं.

भाविकानं आधी दोनशे सांगितले. मी नाही म्हटलं. मग अडीचशे. नाही. मग पिशवी माझ्या कामाच्या फळीवर उलटी केली, चुरगळलेल्या नोटा हातानं सरळ केल्या आणि म्हणाली, "सगळे घ्या. पण माझ्या नावानं."

मी घेतले नाहीत. तीनशे चाळीस रुपये होते.